आईंची बदकं: घरामागच्या तळ्यावरच्या रानबदकांना खायला घालावं का?

ओसरी | २१ मार्च

नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे, पण इथे पक्षीवाले, डॉक्टर आणि अमेरिकेतल्या सोसायट्या भोगलेले असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून इथेच विचारतेय.

आम्ही मध्य न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. घरामागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं आहे. घर घेताना 'लेक व्ह्यू' म्हणून पैसे मोजले, आहे तो खड्डाच. मधोमध कारंजं असल्यामुळे कडाक्याच्या थंडीतही मधलं पाणी गोठत नाही.

सासूबाई डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. मूळच्या वाईच्या. कृष्णेच्या घाटावर माशांना चुरमुरे टाकत ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या बाई बर्फात घरात कोंडल्या गेल्यावर काय करणार? जानेवारीत मॅलार्ड जातीच्या रानबदकांची एक जोडी पॅटिओपर्यंत आली. नराचं डोकं हिरवंगार, मादी भुरकट. आईंनी शिळी पोळी कुस्करून टाकली. दुसऱ्या दिवशी चार आली, आठवड्यात बारा. आता सकाळी साडेसातला पडदा सरकवला की काचेपाशी पंगत बसलेली असते. काल मोजली तर ३४ भरली. वर सहा कॅनडा गीज (मोठे रानहंस), ती तर पाहुणचार हक्काने मागतात.

अडचणी दोन. एक, सोसायटीचं पत्र आलंय. पॅटिओ आणि पायवाट घाण होते, शेजाऱ्यांची तक्रार आहे, खायला घालणं थांबवा, नाहीतर दंड. दोन, माझा लेक अकरा महिन्यांचा आहे, रांगतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. ऊन पडलं की त्याला बाहेर सोडायचं होतं, पण फरशी बघून धीर होत नाही.

आईंना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला घास घातला म्हणून दंड? कसला ग हा देश!" आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

तर प्रश्न असा, की खरंच काही धोका आहे की नुसता साफसफाईचा मामला आहे? पोळीऐवजी दुसरं काही घातलं तर चालेल का? आणि आईंना दुखवल्याशिवाय हे बंद कसं करू?

खिडकीतला_कावळा | २१ मार्च

पोळी तूप लावून की कोरडी? ३४ चा आकडा त्यावर अवलंबून आहे.

(वाचतोय. सल्ला येईलच.)

टेम्सकाठी | २१ मार्च

ओसरी, आमच्याकडे इंग्लंडात हा वाद जुना आहे. इथे रविवारी नातवंडांना घेऊन कालव्यावर बदकांना पाव टाकणं म्हणजे आपल्याकडे तळ्यातल्या गणपतीला जाणं. कालवे सांभाळणाऱ्या संस्थेने लोकांना सांगून बघितलं की पाव नको, मटार घाला, मक्याचे दाणे घाला, ओट्स घाला, आणि तेही थोडं. पाव पोटाला जड, सत्त्व काही नाही, उरला की पाण्यात कुजतो आणि शेवाळं माजतं.

माझं मत: पोळी बंद, मूठभर मटार सुरू. आई खूश, बदकं खूश.

अण्णा_माणदेशी | २२ मार्च

सूनबाई, तुमच्या सासूबाईंचं काहीही चुकलेलं नाही. आपल्याकडे जेवणाआधी गाईचा घास, कावळ्याचा घास काढतात. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितलाय तो उगाच नाही. आमच्या माणात दुष्काळात माणसाला पाणी नव्हतं तेव्हाही आई अंगणात परळात चिमण्यांसाठी पाणी ठेवायची. सोसायटीचे नियम माणसांनी केलेले आहेत. दंड काय असेल तो भरा आणि म्हातारीचं मन मोडू नका.

पशुधन | २२ मार्च

मी पशुवैद्यक. नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली, आता निवृत्त, मुक्काम नाशिक. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

टेम्सकाठींनी सांगितलेलं खोटं नाही. पाव-पोळीपेक्षा मटार बरे. पण ओसरीताई, तुमच्या लेखात मला पोळीपेक्षा ३४ या आकड्याची जास्त काळजी वाटली. एवढ्याशा फरशीवर ३४ बदकं आणि सहा गीज रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकमेकांच्या विष्ठेत चोच घालून खातात. तिथे तुम्ही मटार घाला नाहीतर बदाम घाला, गर्दी तीच राहणार. मटार आवडले तर वाढेलच.

रानबदक तळ्यावर पसरून चरतं. बूड वर, डोकं पाण्यात. बी, पाणवनस्पती, गोगलगायी, किडे असं दिवसभर वेचतं. तळ्यावर जेवढं अन्न असेल तेवढीच बदकं तिथे टिकतात, बाकीची पुढे जातात. आपण रोज ठरल्या वेळी घातलं की हा हिशोब मोडतो आणि त्या खड्ड्याला झेपणार नाहीत इतके पक्षी तिथे थांबतात.

गर्दी वाईट का, याची दोन उदाहरणं अमेरिकेतलीच देतो. १९७३ च्या जानेवारीत साउथ डकोटातल्या लेक अँडीसवर सुमारे एक लाख मॅलार्ड हिवाळ्यासाठी दाटीवाटीने जमली होती. त्यांच्यात बदकांचा प्लेग शिरला आणि ४० हजारांहून जास्त मेली. हा रोग माणसाला होत नाही, पण बदकांच्या थव्यातून वणव्यासारखा जातो. दुसरं, २००६ च्या डिसेंबरात आयडाहोमध्ये दोन हजारांहून जास्त मॅलार्ड एका ओढ्याकाठी मेलेली सापडली. तपासात निघालं की बुरशी आलेलं धान्य खाऊन फुप्फुसात बुरशी वाढली होती. शिळी पोळी ओल्या फरशीवर दोन दिवस पडली की तिच्यावर काय येतं हे मराठी घरात कुणाला सांगायला नको.

आता बर्ड फ्लू. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात त्याच्या एच५एन१ या विषाणूची देशातली पहिली लागण सापडली. तेव्हा मी तिथे ड्यूटीवर होतो. अंगभर पांढरा प्लॅस्टिकचा सूट, आत घामाची आंघोळ, आणि खड्ड्यापुढे लागलेल्या पोत्यांच्या रांगा. ते विसरता येत नाही. कोंबडी या रोगाने दोन दिवसांत मरते, म्हणून कळतं तरी. मॅलार्डसारखी पाण्यावर चरणारी बदकं मात्र अनेकदा विषाणू पोटात घेऊन ठणठणीत हिंडतात आणि विष्ठेतून तो सोडत राहतात. थंड पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. अमेरिकेत आत्ता फिरणारा एच५एन१ २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत पोचला आणि २०२२ च्या सुरुवातीपासून तिथल्या रानपक्ष्यांत आहे. म्हणजे पंगतीतलं कुठलं बदक आजारी आहे हे काचेतून बघून सांगता येणार नाही.

घाबरवायचं नाही. रानबदकापासून सर्वसाधारण माणसाला हा रोग होण्याची शक्यता आज कमीच आहे. तुमच्या घरात त्याहून रोजचा धोका म्हणजे विष्ठेतले साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू. मोठ्या माणसाला दोन दिवस जुलाब, पण अकरा महिन्यांच्या बाळाला सलाईनही लागू शकतं. रांगणाऱ्या मुलाला त्या फरशीवर सोडू नका. एवढं एकच ऐकलंत तरी पुरे.

खिडकीतला_कावळा | २२ मार्च

तुपाचा विनोद मागे घेतो.

ऑरलँडोची_वहिनी | २२ मार्च

डॉक्टरसाहेब, आमच्या फ्लोरिडात यात आणखी एक पाहुणा असतो. घरामागच्या तळ्याला बदकं आली की बदकांच्या मागे मगर येते. म्हणजे अ‍ॅलिगेटर. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा रोज संध्याकाळी पाव टाकायचे. बदकं काठाला चिकटून राहायला लागली, आणि एक दिवस पाण्यात दोन डोळे. इथे अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणं हा गुन्हा आहे. आजोबा म्हणाले, मी कुठे त्याला घालतो, मी बदकांना घालतो! अ‍ॅलिगेटरला तो फरक कोण समजावणार?

अजून एक आमच्याकडचं रडगाणं. इथलं मूळचं बदक म्हणजे मॉटल्ड डक. दिसायला मॅलार्डच्या मादीसारखंच, आणि हे कुठे स्थलांतर करत नाही. लोकांनी हौसेने पाळून सोडलेली मॅलार्ड तळ्यातळ्यांवर पाव खाऊन बारमाही राहतात, मॉटल्ड डकशी जोड्या लावतात आणि संकर होत होत मूळ जातच पातळ होत चाललीय. फ्लोरिडात मॅलार्ड मोकळी सोडायला बंदी आहे ती यासाठी. न्यू जर्सीत मॉटल्ड डक नाही, पण खाऊ घातलेलं बदक तळ्यावर मुक्कामच ठोकतं हे अगदी खरं.

जांभळी | २३ मार्च

मिनेसोटात वन्य प्राण्यांच्या परवानाधारक शुश्रूषा केंद्रात शनिवार-रविवार मदतीला जाते. पिंजरे धुणे हे माझं मुख्य कौशल्य.

आमच्याकडे उन्हाळ्यात 'एंजल विंग' झालेली पिल्लं येतात. नाव गोड आहे, प्रकार वाईट. पंखाचा शेवटचा सांधा बाहेर वळतो आणि उडायची पिसं मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी बाजूला लटकतात. वाढीच्या वयात भरपूर पिष्ट, भरपूर ऊर्जा आणि कमी सत्त्व मिळालं की पिसांचं वजन वाढतं, पण ते पेलायला हाड तयार नसतं, असं मानतात. पावच कारण आहे असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण लोक खाऊ घालतात त्या तळ्यांवरूनच आमच्याकडे ही पिल्लं येतात, हे डोळ्यांनी बघितलंय. फार लहानपणी सापडलं तर पट्टी बांधून सरळ होतं. मोठं झाल्यावर काही करता येत नाही. ते बदक कधीच उडत नाही आणि मग तळं गोठतं.

मॅलार्डच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे किडे लागतात, डासांच्या-चिलटांच्या अळ्या वगैरे. मादीलाही अंडी घालण्याआधी तेच लागतं. पोळीने पोट भरलं की ती किडे शोधायला जात नाही. मार्च-एप्रिल म्हणजे नेमका तोच काळ, ओसरी.

दादर_पश्चिम | २३ मार्च

हे सगळं वाचून कबुतरखाना आठवला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, पोलीस, मोर्चे, कोर्ट. माझ्या वडिलांना कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचा आजार झाला होता, तो नीट समजेपर्यंत दोन वर्षं गेली. त्यामुळे दाणे टाकणाऱ्यांबद्दल मला आता प्रेम उरलेलं नाही. स्पष्ट बोलतो.

अण्णा_माणदेशी | २३ मार्च

मुंबईची कबुतरं आणि परदेशातली चार बदकं एका तागडीत तोलू नका. आणि कोर्टाच्या आधीपासून शंभर वर्षं लोक दाणे टाकतच होते ना?

दादर_पश्चिम | २३ मार्च

चार नव्हे, ३४. आणि शंभर वर्षांपूर्वी दादरला इमारती किती होत्या, कबुतरं किती होती?

नाठाळ_पुणेकर | २३ मार्च

जागा धरून बसलोय. गाठी-शेव कुणाला? (कुरवांना, म्हणजे सीगलना, टाकायची नाही, मीच खाणार.)

संपादक | २३ मार्च

कबुतरखान्यावर वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथले सात प्रतिसाद हलवले आहेत. अण्णा आणि दादर_पश्चिम, दोघांनीही पाणी प्या.

मांडवा_बोट | २४ मार्च

मी म्हणतो एवढा बाऊ कशाला? गेटवेहून मांडव्याला जाताना अख्खी बोट कुरवांना वेफर्स दाखवते, पक्षी हातातून नेतात, पोरं टाळ्या वाजवतात. इतकी वर्षं चाललंय. मेलं का कुणी? बर्ड फ्लूची भीती ही टीव्हीवाल्यांची दुकानदारी आहे.

पशुधन | २४ मार्च

मांडवाबुवा, तुमच्या 'मेलं का कुणी'चं उत्तर द्यायलाच हवं. माणसांचं आधी सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात एक रुग्ण दगावला. अमेरिकेतला एच५एन१ चा पहिला मानवी मृत्यू. वय ६५ च्या पुढे, आधीचे आजार होते, घरी पाळलेले पक्षी होते आणि रानपक्ष्यांशीही संपर्क आलेला होता. २०२२ च्या जानेवारीत इंग्लंडात डेव्हनमधल्या एका आजोबांना लागण निघाली. त्यांनी बदकं घरातच ठेवली होती. त्यांना काहीही त्रास झाला नाही, बदकं मात्र सगळी मारावी लागली. म्हणजे माणसं पटापट मरत नाहीयेत, तुमचं बरोबर आहे.

जनावरांचं बघा. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, एच५एन१ निघाला. अमेरिकेत घरची मांजरं या रोगाने मेली आहेत. पक्ष्यांची तर मोजदाद नाही. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातल्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस हजारोंनी पडले, तेच जे हिमालय ओलांडून आपल्या जायकवाडीला येतात. त्याच जानेवारीत आपल्या परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या.

सगळं बर्ड फ्लूनेच होतं असंही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले. सगळे बर्ड फ्लू बर्ड फ्लू म्हणत होते, निघालं बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारी विषबाधा. एक पक्षी मरतो, त्यात अळ्या पडतात, अळ्यांत ते विष साठतं, दुसरा पक्षी अळ्या खातो, तोही मान टाकतो. उथळ, कोमट, कुजलेलं पाणी हे त्याचं माहेरघर. ओसरीताईंच्या खड्ड्यात उरलेली पोळी, विष्ठा आणि जुलैचं ऊन एकत्र आलं तर काय वातावरण तयार होईल याचा विचार करा.

बोटीवरच्या कुरवांबद्दल एवढंच, की ते समुद्रावर पसरलेले असतात आणि बोट निघून जाते. पॅटिओ जात नाही.

ओसरी | २५ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचे प्रतिसाद काल आईंना मोठ्याने वाचून दाखवले. मिनेसोटाच्या जांभळीताईंचं छत्रीच्या काड्यांचं वर्णन ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्यातला एक तसा आहे. डावा पंख असा बाहेर. मला वाटलं मोडलाय, म्हणून त्याला वेगळी पोळी घालत होते." मी काय बोलणार.

त्यांनी अजून एक विचारलंय, लाजत विचारलंय. गेले पंधरा दिवस चार-पाच नर मिळून एकाच मादीच्या मागे लागतात, मान धरून पाण्यात दाबतात. आई काठी घेऊन धावल्या होत्या. हे आजारामुळे का?

पशुधन | २५ मार्च

आईंना सांगा, लाजण्यासारखं काही नाही, त्यांचं निरीक्षण पक्क्या पक्षी अभ्यासकाचं आहे. हा आजार नाही. मॅलार्डमध्ये नरांची संख्या माद्यांहून बहुधा जास्त असते आणि वसंतात बिनजोडीचे नर असं करतात. रानात मादी उडून दूर जाते, झुडपात दडते. खाण्याच्या लोभाने सगळे एकाच फरशीवर जमले की पळायला जागा राहत नाही. कधीकधी मादी बुडून मरतेही. काठीपेक्षा पोळी बंद करणं तिच्या जास्त कामाला येईल.

टेम्सकाठी | २५ मार्च

माझा मटारांचा सल्ला मी अर्धा मागे घेतो. नदीवर येता-जाता मूठभर टाकणं वेगळं आणि घराच्या दाराशी रोज खानावळ चालवणं वेगळं, हे लक्षात आलं नव्हतं.

टाउनशिपवाला | २६ मार्च

कायद्याचं थोडक्यात, मी न्यू जर्सीतच आहे आणि आमच्या गावच्या समितीवर रटाळ कागद वाचतो. राज्याच्या पावसाच्या पाण्याच्या परवान्यामुळे इथल्या बहुतेक गावांना वन्य प्राण्यांना खाणं घालण्याविरुद्ध वटहुकूम करावा लागला आहे. कारण साधं आहे, विष्ठा पावसाबरोबर गटारात, तिथून ओढ्यात. पण तो लागू होतो गावच्या मालकीच्या जागेला, बागांना वगैरे. तुमचं तळं सोसायटीच्या मालकीचं असेल तर तिथे सोसायटीचीच नियमावली चालेल. म्हणजे दंड आकारायचा अधिकार त्यांना असू शकतो, कागद मागून वाचा. भांडण्यापेक्षा 'बंद केलंय' असं दोन ओळींचं उत्तर लिहून टाका, विषय मिटतो.

आणि कुणी झुडपात अंडी बघितली तर हात लावू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्याखाली मॅलार्डचं अंडी असलेलं घरटं विनापरवाना हलवता किंवा मोडता येत नाही. सोसायटीलाही नाही.

जांभळी | २६ मार्च

बंद कसं करायचं: एकदम. हळूहळू कमी करण्याने पक्ष्यांना फक्त जास्त वेळ वाट बघायला शिकवलं जातं. या दिवसांत तळ्यात भरपूर अन्न असतं, कुणी उपाशी मरणार नाही. आठवडाभर काचेवर चोची वाजतील, मन घट्ट करा.

फरशी कोरडी झाडू नका, धूळ उडते आणि तीच नाकात जाते. आधी पाणी मारून भिजवा, मास्क आणि हातमोजे घाला, खरवडून पिशवीत भरा, मग साबण, मग पाण्यात ब्लीच. ब्लीचचं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका. बाहेरची चप्पल बाहेरच, हे आपल्याला शिकवायला नको. मेलेलं बदक दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. मांजर असेल तर घरात ठेवा.

सोसायटीला एक सुचवून बघा, तळ्याकाठचं गवत अगदी पाण्यापर्यंत कापू नका म्हणावं. गीजना कापलेली हिरवळ आवडते, चरताही येतं आणि लांबूनच कुत्रा-कोल्हा दिसतो. काठाला कमरेएवढं गवत वाढू दिलं तर ती निम्मी आपणहून जातील. आमच्याकडे हे पटवायला तीन मीटिंगा लागल्या. लोकांना तळं बशीसारखं चकचकीत हवं असतं.

अण्णा_माणदेशी | २७ मार्च

डॉक्टरांचं वाचलं. परळात पाणी ठेवणं आणि हे, यात फरक आहे हे कबूल. पण मग त्या माउलीने दिवसभर करायचं काय? मुलगा-सून कामावर, टीव्हीवर इंग्रजी, बाहेर पडावं तर गाडीशिवाय जाता येत नाही. तिच्याकडे रोज ठरल्या वेळी येणारं दुसरं कोण आहे?

ओसरी | २७ मार्च

अण्णा, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. आज दिवसभर डोक्यात तेच आहे.

हळदीकुंकू | २८ मार्च

हे माझं टोपणनाव पक्ष्यावरून आहे बरं का, नवऱ्यावरून नाही. आपल्या तळ्यांवर दिसणारं हळदीकुंकू बदक, चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाला कुंकू. मॅलार्डचं चुलत भावंडच.

अण्णांच्या प्रश्नाला माझ्या आईचं उत्तर देते. बाबा गेल्यावर ती वर्षभर गॅलरीत नुसती बसायची. मी तिला स्वस्तातली दुर्बीण आणि दोनशे पानी वही दिली. आज आमच्या पाषाण तलावावरच्या तिच्या नोंदी मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवते. फेब्रुवारीतल्या घरामागच्या पक्षीगणनेत भाग घेते, ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह तिला दिवाळीइतकाच महत्त्वाचा. थापट्या बदकं कधी आली, किती आली, कधी गेली, हे तिला नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं आठवतं. याबद्दल घरात कुरबुर आहे.

ओसरी, तुमच्या आईंनी मोडका पंख ओळखला, नरांचं वागणं टिपलं. तेही हातात पोळी असताना, सगळी एका जागी भांडत असताना. पोळी नसताना त्यांना खरं बदक दिसेल.

नाठाळ_पुणेकर | २८ मार्च

+१. आणि शेव मीच खाल्ली, कुरव साक्षीला आहेत.

ओसरी | ११ एप्रिल

प्रगती सांगायला आले. पोळी २९ मार्चपासून बंद. पहिले पाच दिवस वाईट गेले. काचेवर टकटक, आत आईंचा चेहरा. सहाव्या दिवशी १९ होती, दहाव्या दिवशी ८. गीज गेली, सोसायटीच्या ऑफिसबाहेर चरतात म्हणे, आता त्यांचा प्रश्न त्यांनी सोडवावा. फरशी जांभळीताईंच्या पद्धतीने दोनदा धुतली. लेकाला तरीही अजून बाहेर सतरंजीवरच ठेवते.

नवऱ्याने दुर्बीण आणली. वही आईंनी स्वतः मागितली, पण "इंग्रजी रेघांची नको, आपली चौकटीची."

वाईट बातमी अशी, की काल तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक गृहस्थ पावाची अख्खी पिशवी घेऊन उभे दिसले. आमची सगळी तिकडेच! आई दुर्बिणीतून बघत म्हणाल्या, "बघ, ३१ आहेत. त्या माणसाला जाऊन सांगते." सांगितलंही, अर्धं मराठीत. तो हसून हात हलवून गेला. आज परत आला नाही, उद्याचं माहीत नाही.

ओसरी | १९ एप्रिल

(खालचं आईंनी बोलून दाखवलं, मी फक्त टंकलंय.)

सर्वांना नमस्कार. मी ती बदकांची आई. तुम्ही सगळे माझ्याबद्दल इतकं लिहीत होतात ते मला उशिरा कळलं. अण्णा, तुमची चौकशी पोचली. मी बरी आहे.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचंय. आमच्या पॅटिओच्या कोपऱ्यात हायड्रेंजियाचं झुडूप आहे. पहिली जी जोडी आली होती ती भुरी १२ तारखेपासून दिसत नव्हती. हिरवा एकटाच पाण्यावर. मला वाटलं कोल्ह्याने नेली. मग वहीत बघितलं तर ती रोज सकाळी सातच्या सुमाराला येते, दहा-पंधरा मिनिटं घाईघाईने चरते, अंग झटकते आणि परत त्या झुडपात शिरते. संध्याकाळी तसंच. मी तिकडे गेले नाही. सूनबाई म्हणाली, कायदा आहे. कायदा नसता तरी गेले नसते, पहिलटकरणीला कोण त्रास देतं?

तर अंड्यांवर बसली असेल का? किती दिवस लागतात? पिल्लांना पाण्यापर्यंत जायचं तर वाटेत रस्त्याकडेला गटाराची मोठी जाळी आहे, माझी मूठ जाईल एवढ्या फटींची. त्याचं काय करायचं?

पशुधन | १९ एप्रिल

आई, नमस्कार. अंड्यांवरच आहे. मॅलार्डची मादी साधारण २८ दिवस बसते. १२ एप्रिल धरलं तर १० मेच्या आसपास पिल्लं निघतील. एका दिवसात अंग सुकलं की ती सगळ्यांना घेऊन चालत निघेल, घरट्यात परत येणार नाही. झुडपाला पाणी घालणं, छाटणी, सगळं तोवर बंद. लॉन कापणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

जांभळी | २० एप्रिल

जाळीचा प्रश्न लाख मोलाचा, आई. आमच्याकडे मे महिन्यात निम्मे फोन गटारात पडलेल्या पिल्लांचे असतात. सोसायटीच्या मॅनेजरला विचारून ९ तारखेपासून त्या जाळीवर बारीक छिद्रांची तारेची जाळी आणि कडेला विटा ठेवा. जोराचा पाऊस येणार असेल तर काढा, नाहीतर रस्त्यावर पाणी तुंबेल आणि दुसरं पत्र येईल. पिल्लं पाण्यात उतरली की जाळी आणि विटा लगेच उचला. चुकून एखादं आत पडलंच तर स्वतः झाकण उघडायला जाऊ नका, पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर असतो तिथे कळवा, ते माणूस पाठवतात. मादीला हाकलू नका, ती जवळच थांबते.

ओसरी | २० एप्रिल

मॅनेजरला मेल केला. त्याचं उत्तर आलंय, जाळी तो स्वतः आणून देणार. पत्र पाठवणारा तोच.

आईंचं परतीचं तिकीट १८ मेचं आहे. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी १० मे लिहून चौकट केलीय.